नाव दगडावर, पगार कुणाचा?

आजच्या ठाणेकराला टेंभी नाका म्हटलं की शिवसेनेच्या आनंद दिघ्यांचा आनंद आश्रम आठवतो, नवरात्रातली देवी आठवते, दहीहंडीच्या दिवशी तुंबलेला रस्ता आठवतो. पण याच परिसरातून इमारतींची नावं वाचत पायी गेलं तर दुसराच इतिहास हाती लागतो. इंग्रजांनी १७७४ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला मराठ्यांकडून घेतला. त्यानंतर सहाच वर्षांत, १७८० मध्ये, इथे पारशांची अग्यारी उभी राहिली. तिला कावसजी पटेलांचं नाव आहे. जवळच बेने इस्रायलींचं ‘शार हाशामाइम’ हे सिनेगॉग, १८७९ सालचं. बैरामजी जीजीभॉय या मुंबईच्या पारशी धनिकाचं नाव धारण करणारी बी. जे. हायस्कूल इथलीच; पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातलं ‘बी. जे.’ म्हणजेही हेच गृहस्थ. आणि विठ्ठल सायन्ना यांच्या दातृत्वातून १९३० च्या दशकात उभं राहिलेलं जिल्हा रुग्णालय, जे लोकांच्या तोंडी कायम ‘सिव्हिल’च राहिलं. त्याची जुनी इमारत आता पाडली आहे आणि त्या जागी ९०० खाटांचं रुग्णालय बांधायला घेतलं आहे.

चार वास्तू, तीन दात्यांची नावं. या वास्तू टिकल्या कशा, याचं उत्तर मात्र कोनशिलेवर सापडत नाही. अग्यारीतल्या दस्तुरांचा निर्वाह पारशी समाजाने पाहिला, सिनेगॉगचा खर्च बेने इस्रायली कुटुंबांनी उचलला. शाळेचे मास्तर आणि सिव्हिलचे डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय यांचा पगार सरकारी तिजोरीतून येत राहिला. देणगीदाराचा दगड टिकला तो दुसऱ्या कुणीतरी दर महिन्याला भागवलेल्या खर्चावर. ज्या संस्थेमागे असा बांधलेला समाजही नाही आणि सरकारही नाही, तिला कोनशिला मिळाली तरी ती साथीच्या, दुष्काळाच्या, मंदीच्या किंवा राजकीय उलथापालथीच्या वर्षात उभी कशी राहणार? धर्मादाय निधी सांभाळणाऱ्यांनी आज हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. त्याचं बरंचसं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या दोन देणग्यांच्या कागदपत्रांत आहे. एक देणगी गोपाळ कृष्ण गोखल्यांमार्फत गेली, दुसरी धोंडो केशव कर्व्यांकडे आली. दोघेही फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवलेले, दोघेही डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य. त्यामुळे संस्था कशावर चालते हे दोघांनाही पाठ होतं.

आजीव सदस्य या पद्धतीबद्दल दोन शब्द आधी. पंचाहत्तर रुपये महिन्यावर वीस वर्षं शिकवायचं, असा तो करार. या पद्धतीचं आपल्याकडे गुणगान पुष्कळ झालं आणि ते रास्तच आहे. पण हिशेबाच्या नजरेने पाहिलं तर ही एक देणगीच होती आणि ती सगळ्यांत मोठी होती. बाहेर चौपट मिळवू शकणारा माणूस फरकाची रक्कम दर महिन्याला संस्थेला देत होता. कोणत्याही फलकावर ती रक्कम लिहिलेली नाही. महाराष्ट्रातल्या संस्थांचा चालू खर्च पिढ्यान् पिढ्या काम करणाऱ्यांनीच पोटाला चिमटा काढून भरला. बालवाडीच्या ताईंना ‘पगार’ म्हणायची चोरी आणि ‘मानधन’ म्हणून हातावर काहीतरी टेकवायचं, ही आजची रीत तिथूनच आली, फक्त करारातला सन्मान तेवढा गळून पडला.

गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा त्यांनी हा भार उघडपणे मांडला. सभासदाने जन्मभर देशकार्य करायचं आणि त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहाची तरतूद समाजाने करायची, असा नियमच केला. म्हणजे समाजाच्या खर्चाचा मोठा वाटा माणसांवर होता. अशा संस्थेला पैसे द्यायचे तर दात्याला दाखवण्यासारखं काही उरत नाही. ना कमान, ना दवाखाना, ना वसतिगृह. जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव रतन टाटा यांनी तरीही या समाजाला वर्षाला १०,००० रुपये दहा वर्षं द्यायचं कबूल केलं. रकमेपेक्षा मला मुदत महत्त्वाची वाटते. दहा वर्षांची खात्री असली की तरुण माणसाला नोकरी सोडून ये म्हणता येतं. एका वर्षाच्या मंजुरीवर तसं म्हणणं हे त्याच्या बायकामुलांशी जुगार खेळण्यासारखं आहे.

याच काळात दक्षिण आफ्रिकेत गांधीजींचा ट्रान्सवालमधला सत्याग्रह पैशाअभावी अडचणीत होता. १९०९ मध्ये लंडनला गेलेलं शिष्टमंडळ रिकाम्या हातांनी परतलं. माणसं तुरुंगात जात होती, त्यांची कुटुंबं उघड्यावर पडत होती, गांधीजींचं ‘इंडियन ओपिनियन’ हे वर्तमानपत्र तोट्यात चाललं होतं. गांधीजी नोव्हेंबरच्या अखेरीस केपटाउनला उतरले त्या सुमारास रतन टाटांनी २५,००० रुपये दिल्याची बातमी त्यांना मिळाली. या प्रसंगाचं गांधीजींनी स्वतः केलेलं वर्णन ‘दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास’ या त्यांच्या पुस्तकात आहे. पण हे पुस्तक त्यांनी येरवड्याच्या तुरुंगात सांगायला घेतलं ते १९२३ मध्ये, म्हणजे चौदा वर्षांनी आणि बरंचसं आठवणीवर विसंबून. त्यामुळे त्यातला आनंद आठवणीतला म्हणून घ्यावा आणि पैशाचं काय झालं हे त्या वेळच्या पत्रांतून पाहावं.

गांधीजींचा संग्रहित वाङ्मयात छापलेला पत्रव्यवहार त्यासाठी पुरेसा आहे. एप्रिल १९१० मध्ये गोखल्यांना लिहिलेल्या पत्रात ते हा पैसा कुठे जातो आहे ते सांगतात. गांधीजींच्या फिनिक्स वसाहतीच्या डोक्यावरचं कर्ज, वर्तमानपत्राची तूट, जोहान्सबर्गची कचेरी, लंडनमधली कचेरी, तुरुंगात गेलेल्यांच्या घरच्यांना मदत, असा तो खर्च आहे. ही यादी आज एखाद्या प्रतिष्ठानाच्या अनुदान अधिकाऱ्यासमोर ठेवून बघा. कर्जफेड नामंजूर. वर्तमानपत्राचा तोटा नामंजूर. कचेरीचं भाडं पाच टक्क्यांच्या आत बसवा. कुटुंबांना रोख मदत? लाभार्थ्यांचे छायाचित्रांसह अर्ज जोडा.

पुढे काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. तुरुंगवासी सत्याग्रह्यांच्या कुटुंबांना दरमहा रोख रक्कम द्यायची पद्धत नीट चालेना. कुणाची गरज किती हे ठरवणं अवघड होतं आणि खर्चही वाढत होता. ३० मे १९१० रोजी गांधीजींचे स्नेही हर्मन कॅलेनबाख यांनी आपली सुमारे ११०० एकर जमीन बिनभाड्याने वापरायला दिली आणि टॉलस्टॉय फार्म सुरू झालं. कुटुंबं तिथे राहायला आली. म्हणजे देणगी मिळाल्यानंतर सहा महिन्यांत कामाचा आराखडाच बदलला. रोख मदतीच्या जागी सामुदायिक शेती, सुतारकाम, चपला शिवणं आणि शाळा आली. त्यासाठी टाटांकडे ‘सुधारित प्रस्ताव’ पाठवून मंजुरीची वाट पाहावी लागली नाही. उलट नोव्हेंबर १९१० मध्ये त्यांनी आणखी २५,००० रुपये दिले आणि १९१२ मध्ये पुन्हा तेवढेच.

याचा अर्थ हिशेब नव्हता असा मुळीच नाही. १ एप्रिल १९१२ रोजी गांधीजींनी रतन टाटांना उद्देशून जाहीर पत्र लिहिलं आणि त्यात फार्मवरच्या कामाचा, खर्चाचा, लढ्याच्या स्थितीचा वृत्तान्त दिला. हे पत्र खाजगी लिफाफ्यात गेलं नाही, छापून आलं. ज्यांनी आठआठ आणे वर्गणी दिली होती त्यांनाही ते वाचता आलं. रक्कम देताना अटी कमी आणि खर्च झाल्यावर हिशेब चारचौघांत, असा हा क्रम होता. आपल्याकडे हल्ली तो नेमका उलटा चालतो. मंजुरीआधी चाळीस पानी अर्ज, तिमाहीगणिक तक्ते आणि शेवटी तो अहवाल देणगीदाराच्या कपाटात जातो. ज्यांच्यासाठी काम झालं त्यांच्यापर्यंत तो पोचतच नाही.

या सगळ्यात गोखल्यांची भूमिका दुय्यम नाही. टाटा मुंबईत, लढा हजारो किलोमीटरवर. मधला दुवा म्हणजे माणूस आणि प्रश्न दोन्ही ओळखणारा, स्वतःच्या पदरी काही न ठेवणारा एक मध्यस्थ. १९१२ मध्ये गोखले स्वतः दक्षिण आफ्रिकेला जाऊन आले, टॉलस्टॉय फार्मवर राहिले. त्याआधी जवळपास तीन वर्षं त्यांचा शब्द हीच तपासणी होती. मोठ्या निधीला लहान संस्था दिसत नाहीत आणि लहान संस्थेला मोठ्या निधीचं दार सापडत नाही. म्हणून असा मध्यस्थ लागतो. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशी देणगी घेणाऱ्या संस्थेने ती दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यावर संपूर्ण बंदी आली. गैरव्यवहार रोखणं हा हेतू सांगितला गेला. पण शहापूर-मुरबाडकडच्या पाड्यावर काम करणाऱ्या, इंग्रजीत अर्ज लिहू न शकणाऱ्या संस्थेला ठाण्या-मुंबईतल्या मोठ्या संस्थेमार्फत मिळणारा असा पैसा त्या दिवशी थांबला.

आता दुसरी देणगी.

कर्व्यांच्या संस्थेचा जन्मच अनिश्चिततेतला. अनाथ बालिकाश्रम १४ जून १८९६ रोजी सुरू झाला आणि काही महिन्यांतच पुण्यात प्लेग शिरला. विधवा मुलींचा आश्रम म्हणून आधीच लोकांच्या डोळ्यांत खुपणारा, त्यात साथ. शहरात बिऱ्हाड ठेवणं अशक्य झालं तेव्हा रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी पुण्याजवळच्या हिंगण्याची सुमारे सहा एकर जागा आणि झोपडी बांधायला ७५० रुपये दिले. १९०० मध्ये तिथे झोपडी उभी राहिली. कर्वे कॉलेजातलं काम आटोपून रोज संध्याकाळी हिंगण्याला चालत जात, तेही बऱ्याचदा सामानाचं ओझं घेऊन. रस्ता म्हणजे चिखल. ही सारी हकीकत त्यांच्या ‘आत्मवृत्ता’त आहे. ते पुस्तक १९१५ मध्ये निघालं, घटनांपासून फार दूर नाही, आणि लिहिणारा गणिताचा प्रोफेसर. त्यामुळे आकडे विश्वासाने घेता येतात. मला त्या देणगीतली समज आवडते. रावबहादुरांनी जागा दिली तशी छपरापुरती रोकडही दिली. नुसती जमीन दिली असती तर प्लेगच्या वर्षात ती डोकेदुखी ठरली असती.

१९१६ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती, र. पु. परांजपे कुलगुरू, आणि विद्यार्थिनी एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. सरकारची मान्यता नव्हती, म्हणून पदवीला बाजारात किंमत नव्हती, म्हणून मुली कमी, म्हणून फी कमी, म्हणून पुन्हा वर्गण्या. हे चक्र चार वर्षं चाललं. मग १९२० मध्ये मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी पुढे आले. जगप्रवासात त्यांनी जपानमधलं महिला विद्यापीठ पाहिलं होतं. गंमत अशी की कर्व्यांनाही विद्यापीठाची कल्पना सुचली होती ती जपानच्याच महिला विद्यापीठाची पुस्तिका वाचून. विठ्ठलदासांनी १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली.

त्या काळी १५ लाख हा आकडा डोळे फिरवणारा होता. पण हाती आली ती मुद्दल नव्हे. साडेतीन टक्क्यांच्या हिशेबाने वर्षाला ५२,५०० रुपये, म्हणजे महिन्याला ४,३७५. देणगीला अटी होत्या. विद्यापीठाला विठ्ठलदासांच्या मातोश्रींचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव द्यायचं. मुख्य ठाणं पुण्याहून मुंबईला हलवायचं. विठ्ठलदास हयात होते तोवर या अटींनी कुणाला टोचलं नाही. देणारा माणूस समोर असला की अटीचा अर्थ त्यालाच विचारता येतो. पुढे काही वर्षांतच विठ्ठलदास वारले. त्यानंतर अटीचा अर्थ लावणं विश्वस्तांकडे गेलं, आणि विश्वस्ताला कायद्याने कागद जपायचा असतो, त्यामागचा माणूस जपायची सोय नसते. मतभेद झाले. वार्षिक रक्कम काही काळ अडकून पडली. १९३० च्या दशकाच्या मध्यावर तडजोड झाली आणि १९३६ मध्ये विद्यापीठाचं मुख्यालय मुंबईला गेलं.

या तंट्याची कर्व्यांची बाजू त्यांच्या ‘लुकिंग बॅक’ या १९३६ च्या इंग्रजी आत्मचरित्रात आहे. ‘आत्मवृत्ता’इतक्या सहज ते वाचू नये. तंटा नुकताच मिटलेला, लिहिणारा त्यातला एक पक्ष, आणि पैसा पुढेही त्याच घरातून यायचा; त्यामुळे सौम्य भाषा ही स्वभावाची किती आणि व्यवहाराची किती हे सांगणं कठीण. म्हणून मी त्यातली मतं बाजूला ठेवतो आणि घटनाक्रम तेवढा घेतो. रक्कम अडली तो काळ जागतिक मंदीचा होता. दुसरा देणगीदार गाठणं सर्वांत अवघड असतं तेव्हाच पहिला आटला. सत्तरी उलटलेले कर्वे १९२९-३० मध्ये युरोप, अमेरिका, जपान असा प्रवास करून आले होते आणि त्यानंतर आफ्रिकेतल्या हिंदी लोकांकडे वर्गणी मागत फिरले होते. पंधरा लाखांचा दाता असलेल्या संस्थेचा संस्थापक नैरोबी-झांजीबारकडे पै पै गोळा करतो, यात त्यांची थोरवी आहेच. पण देणगीच्या रचनेतला दोषही त्यात दिसतो, आणि चरित्रकारांनी थोरवीच्या भरात तो झाकला.

विठ्ठलदासांना कंजूष किंवा हेकट म्हणण्याचा हा प्रकार नव्हे. ठाणं मुंबईला हलवण्याची अट दूरदृष्टीची होती, हे पुढच्या वाढीने दाखवलं. त्यांच्या पत्नी प्रेमलीला ठाकरसी यांनी या विद्यापीठासाठी आयुष्य वेचलं; १९५१ मध्ये विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाल्यावर त्याच पहिल्या कुलगुरू झाल्या. मुद्दा अटीच्या बरेवाईटपणाचा नाही. परिस्थिती पालटल्यावर ती अट कुणी, कसं, किती दिवसांत बदलावी याची वाट त्या व्यवस्थेत सोपी असायला हवी होती. शिवाय ठरीव व्याजाची रक्कम ही काळासमोर दुबळी असते. १९२० चे ५२,५०० रुपये मंदीच्या स्वस्ताईत भारी पडले असतील, तर दुसऱ्या महायुद्धातल्या महागाईने त्यांचा कस काढला.

रतन टाटांच्या १९१३ च्या मृत्युपत्राशी हे ताडून पाहावं. शिक्षण, उद्योग, मानवी दुःखाचं निवारण अशी व्यापक उद्दिष्टं सांगून त्यांनी पुढच्यांना बजावलं आहे की ठरीव साच्यातून काम करू नका, ज्ञान जसजसं पुढे जाईल तसतशा नव्या उजेडात ते करा. योजना मात्र नीट आखलेली असली पाहिजे, असंही त्यात आहे. १९१८ मध्ये ते वारले, पुढच्या वर्षी त्यांच्या नावाचा न्यास झाला, आणि शंभर वर्षांनंतरही त्या मृत्युपत्राचा अर्थ लावायला कोर्टात जावं लागेल अशी त्याची भाषा नाही. देणगीदाराने स्वतःच्या मृत्यूनंतरचा विचार करून लिहिलेला कागद म्हणून तो वाचण्यासारखा आहे.

स्वातंत्र्यानंतर हे सारं मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली आलं. मंदिराच्या पुजाऱ्यापासून रुग्णालयाच्या विश्वस्तापर्यंत सगळ्यांनी नोंदणी करायची, हिशेब तपासून घ्यायचा, स्थावर विकायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यायची. देवस्थानांच्या जमिनी परस्पर गिळल्या जात होत्या, त्यामुळे कायद्याचा रोख मालमत्ता वाचवण्याकडे असणं स्वाभाविक होतं. मूळ उद्दिष्ट कालबाह्य झालं तर बदलण्यासाठी कलम ५५ आहे, पण ती वाट न्यायालयातून जाते.

माझ्या मते या कायद्याचा सर्वांत खोल परिणाम त्याच्या कलमांनी केला नाही, एका छापील नमुन्याने केला. संस्थेत काम केलेल्या कुणालाही ‘शेड्यूल एट’ आणि ‘शेड्यूल नाईन’ माहीत असतात. आठ म्हणजे ताळेबंद, नऊ म्हणजे उत्पन्न-खर्चाचं पत्रक. या नवव्या अनुसूचीत डाव्या बाजूला खर्चाची उतरंड आहे. मालमत्तेवरचा खर्च, त्यात कर, दुरुस्ती, विमा, घसारा. मग आस्थापना खर्च. मग विश्वस्तांचा मेहनताना, कायदेशीर खर्च, लेखापरीक्षण शुल्क. आणि शेवटी, अगदी तळाशी, ‘न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च’: धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबांना साहाय्य, इतर धर्मादाय. एखाद्या लहान संस्थेचे हिशेब मार्चअखेरीस सीएकडे जातात तेव्हा तिथे खरी ओढाताण होते. बालवाडीताईचं मानधन ‘शैक्षणिक’मध्ये गेलं तर संस्था कामसू दिसते, ‘आस्थापना’त गेलं तर उधळी. ताई तीच, मुलं तीच. मुलांची हजेरी, पालकांच्या भेटी, खाऊचा हिशेब असं सगळं पाहणारी पर्यवेक्षिका मात्र हटकून आस्थापनेत जाते. मंदिराची मालमत्ता सांभाळणाऱ्या विश्वस्तांसाठी ही विभागणी ठीक होती. माणसांमार्फतच काम करणाऱ्या संस्थेला ती कायमची संशयित ठरवते. वाचणारा देणगीदार पहिल्यांदा आस्थापनेच्या आकड्यावर बोट ठेवतो, आणि त्याला तसं शिकवलं आहे ते या नमुन्याने.

पुढच्या नियमांनी हा संशय टक्क्यांत बांधला. परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्च पूर्वी ५० टक्क्यांपर्यंत करता येई, तो २०२० च्या दुरुस्तीने २० वर आणला. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खालच्या सामाजिक दायित्व निधीच्या नियमांत जानेवारी २०२१ पासून प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. इथे एक बारकावा आहे आणि तो सर्रास चुकीचा वाचला जातो. ही ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या कारभारावर आहे. प्रकल्प आखण्या-राबवण्याचा खर्च त्या व्याख्येतून वगळलेला आहे. तरीही कंपन्यांचे अधिकारी तोच आकडा संस्थेच्या अंदाजपत्रकावर लावतात आणि संस्थाही मुकाट मान डोलावते. कारण वाद घालावा तर पुढच्या वर्षीची मंजुरी जाते.

साथीच्या काळात हे सगळं उघडं पडलं. मार्च २०२० च्या अखेरीस पीएम केअर्स निधीला दिलेला पैसा सामाजिक दायित्वात धरला जाईल असं सरकारने जाहीर केलं आणि कंपन्यांचा मोठा ओघ तिकडे वळला. कल्याण-डोंबिवलीपासून कसाऱ्यापर्यंतच्या संस्था त्या उन्हाळ्यात शिधा वाटत होत्या, पायी निघालेल्या मजुरांना पाणी देत होत्या. अनुदान मात्र ‘संगणक प्रशिक्षण’ या शीर्षाखाली मंजूर झालेलं. वर्ग बंद, पैसा खात्यात, आणि तो तांदळाला वापरायचा तर लेखी परवानगी. त्याच वेळी अमेरिकेतल्या शेकडो प्रतिष्ठानांनी एका जाहीरनाम्यावर सह्या करून चालू अनुदानांवरच्या अटी सैल करायचं कबूल केलं. फोर्ड प्रतिष्ठानाने तर जून २०२० मध्ये १०० कोटी डॉलरचे रोखे विकून कर्ज काढलं, काही ३० वर्षांचे तर काही ५० वर्षांचे, ते अनुदानं वाढवण्यासाठी. गुंतवणुकीचं मूल्य घसरलं म्हणून मदत कमी करायची, हा नेहमीचा रिवाज त्यांनी उलटा केला. आपल्याकडच्या न्यासांना असं कर्ज काढणं सोपं नाही. पण ज्यांच्या ताळेबंदात ‘राखीव निधी’ या सदराखाली वर्षानुवर्षं रक्कम साठत जाते त्यांनी तो नेमका कुठल्या दिवसासाठी राखला आहे, हे विश्वस्त मंडळाच्या बैठकीत एकदा विचारायला हरकत नव्हती.

ठाणे-कल्याणकडच्या वाचनालयांचं उदाहरण घेऊन थांबतो, कारण तिथे देणगी आणि पगार यांचा संबंध सगळ्यांत स्वच्छ दिसतो. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ रोजी विनायक लक्ष्मण भावे आणि विष्णु भास्कर पटवर्धन यांनी सुरू केलं, तेव्हा भावे जेमतेम एकवीस वर्षांचे. पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे ते हेच. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर अशा वाचनालयांना सरकारकडून परिरक्षण अनुदान मिळू लागलं आणि बहुतेकांच्या सेवकांचे पगार त्यावरच बेतले गेले. २०१२ मध्ये हे अनुदान ५० टक्क्यांनी वाढलं. त्यानंतरची वाढ, ६० टक्क्यांची, थेट २०२२ मध्ये. मधली दहा वर्षं पुस्तकांची किंमत वाढली, विजेचं बिल वाढलं, ग्रंथपालाचा पगार तिथेच. त्यातल्या साथीच्या दोन वर्षांत तर दारं बराच काळ बंद आणि वर्गणीदार घरी. या काळात वाचनालयांना देणग्या आल्याच नाहीत असं कुणी म्हणणार नाही. सभागृहाला नाव, कपाटाला नाव, वातानुकूलनाला नाव. त्या सभागृहाचं कुलूप सकाळी उघडणाऱ्या माणसाच्या पगारासाठी पाच वर्षांची हमी द्यायला एखादा न्यास पुढे आला, तर कायदा आडवा येत नाही. शेड्यूल नाईनमध्ये तो खर्च आस्थापनेत दिसेल, एवढंच.